अडकलेला पंखा आणि शाफ्ट बोटीतून कसा काढायचा

जून उजाडला की हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक बंदरात एक आवाज ऐकू येतो: बोटीच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) पडणाऱ्या घणाचा. पंखा जागचा हलत नाही, म्हणून आणखी मोठा घण येतो. संध्याकाळी पंखा तिथेच असतो, पण शाफ्टचं, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं, टोक फुललेलं असतं, आटे गेलेले असतात आणि कधी गियरबॉक्सच्या बेअरिंगलाही मार बसलेला असतो. दोनशे रुपयांच्या तेलात आणि एका रात्रीच्या सबुरीत होणारं काम मग लेथवाल्याकडे आठवडाभर पडून राहतं.

ज्यांनी नुकतीच पहिली बोट घेतली आहे किंवा जे इंजिनावर नवे ड्रायव्हर म्हणून लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. बोट लाकडी असो वा फायबरची, आत बसवलेलं इंजिन, स्टर्न ट्यूबमधून (बोटीच्या मागच्या भागातल्या नळीतून) जाणारा शाफ्ट आणि त्याच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसलेला पितळी किंवा कांस्याचा पंखा अशी रचना इथे धरली आहे. आउटबोर्ड इंजिनाचा पंखा वेगळ्या पद्धतीने बसतो, त्याला यातलं फारसं लागू नाही.

पंखा का अडकतो ते आधी कळायला हवं. शाफ्टचं मागचं टोक निमुळतं असतं आणि पंख्याच्या हबचं, म्हणजे मधल्या जाड भागाचं, भोकही तसंच निमुळतं. पंखा त्यावर बाटलीतल्या बुचासारखा दाबून बसतो. नट त्याला फक्त दाबून धरतो, खरी पकड टेपरची. कुठूनतरी, बहुतेक वेळा चावीच्या (शाफ्ट आणि हब एकत्र फिरावेत म्हणून मध्ये बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) खोबणीतून, खारं पाणी आत शिरतं. लोखंडी शाफ्ट असेल तर गंज फुगतो, स्टेनलेस स्टीलचा असेल तर पांढरट-हिरवट क्षार घट्ट बसतात. दोन-तीन हंगाम पंखा काढलाच नसेल तर ही पकड नटापेक्षा कितीतरी जास्त होते. ती सोडवायला तीन गोष्टी लागतात, आणि त्या याच क्रमाने: आधी ताण, मग घाव, मग आच. ताण न देता मारलेला घाव वाया जातो.

१. नक्की काय काढायचं ते ठरवा

बोटीजवळ जाण्याआधी हा निर्णय घ्या. तीन शक्यता आहेत.

फक्त पंखा काढायचा असेल (पातं वाकलं आहे, बॅलन्स करायचा आहे) तर शाफ्टला हात लावू नका.

शाफ्ट काढायचा असेल (बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते मागचं अस्तर, झिजला आहे, किंवा ग्लँडजवळ, म्हणजे आतल्या बाजूला पॅकिंग दोरीने पाणी अडवतात तिथे, शाफ्टला खाच पडली आहे) तर पंखा आधी निघालाच पाहिजे असं नाही. शाफ्ट मागच्या बाजूने बाहेर येतो आणि पंखा त्याच्या मागच्या टोकावरच असतो. पुढचं कपलिंग (शाफ्ट आणि गियरबॉक्स यांचा जोड) सुटलं आणि सुकाणू बाजूला झालं तर पंख्यासकट शाफ्ट बाहेर येतो आणि पंखा वर्कशॉपच्या प्रेसवर आरामात काढता येतो. पंखा फारच चिवट असेल तर हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा, आणि नवे लोक नेमका हाच विसरतात.

शाफ्ट बदलायचाच असेल, म्हणजे जुना भंगारात जाणार असेल, तर त्याला वाचवण्यात वेळ घालवू नका. त्याचा उपाय सातव्या टप्प्यात आहे.

२. दिवस आणि जागा

१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी म्हणजे या कामाचा खरा हंगाम. पण जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात टर्नर, वेल्डर, चेन कप्पीवाला, सगळेच अडकलेले असतात. बोट वर आली की पहिल्या आठवड्यातच नटावर तेल सोडा. शाफ्ट सरळ करायला किंवा नवा बुश बनवायला लागणारा वेळ हातात राहील.

जागेचा सापळा मोठा आहे. बोटी वर घेतात तेव्हा एकीच्या मागे दुसरीची नाळ (पुढचं टोक) अशा खेटून लागतात. शाफ्ट तीन मीटरचा असेल तर तुमच्या बोटीच्या मागे साडेतीन-चार मीटर मोकळी जागा लागते, तीही शाफ्टच्या सरळ रेषेत. शेजारची बोट लागून गेल्यावर हे लक्षात आलं तर नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहण्याखेरीज हातात काही उरत नाही. म्हणून बोट ओढायच्या आधीच शेजारच्या नाखवांशी बोलून मागची जागा राखून ठेवा.

बंदी नसताना, दोन भरत्यांच्या मधल्या वेळात काम करायचं झालं तर फक्त पंखा काढा. ओहोटीला बोट कोरडी झाली की हातात जेमतेम तीन-चार तास मिळतात. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त खाली जातं म्हणून ते दिवस बरे, पण भरतीही तितकीच वर येते. शाफ्ट बाहेर आणि स्टर्न ट्यूब उघडी असताना पाणी आलं तर बोट जागेवरच भरते. शाफ्टचं काम बोट पूर्ण वर असतानाच करा.

बोटीखाली जाण्याआधी दोन्ही बाजूंचे टेकू तपासा. पावसात टेकूखालची वाळू दर तासाला बसते, म्हणून प्रत्येक टेकूखाली जाड फळी हवी. घण मारताना बोटीला हादरे बसतात, त्यामुळे दर अर्ध्या तासाने टेकू पुन्हा पाहा. हे काम एकट्याने करू नका.

३. सामान

नटाच्या मापाचा रिंग पाना आणि त्यावर चढेल असा एक मीटर लांब पाईप. दोन-अडीच किलोचा हातोडा, चार-पाच किलोचा घण, पितळेचा किंवा तांब्याचा एक ठोकळा. वायर ब्रश, पातळ छिन्नी, पॉलिश पेपर, कानस. आत झिरपणारं तेल (डब्ल्यूडी-४० किंवा तसलं). गॅस सिलिंडर आणि डांबर तापवतात तसला मोठ्या ज्योतीचा बर्नर. १० टनी बाटली जॅक. एक टनाची चेन कप्पी आणि पट्टा. गोणपाटं, पाण्याच्या दोन बादल्या, वाळूची एक बादली, ताडपत्री. जाड कातडी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा.

यातलं सर्वांत महत्त्वाचं साधन बाजारात तयार मिळेलच असं नाही: प्लेट पुलर, म्हणजे पाट्यांच्या मदतीने पंखा ओढून काढायचं साधन. तो वेल्डरकडून बनवून घ्या. २५ मिमी जाडीच्या दोन लोखंडी पाट्या लागतात. पुढच्या पाटीला शाफ्टच्या जाडीपेक्षा २-३ मिमी मोठी, यू आकाराची खाच, म्हणजे ती हब आणि मागचा बुश यांच्यामधल्या फटीत वरून सरकवता येते. मागची पाटी सपाट. दोन्ही पाट्यांना जोडणारे तीन किंवा चार लांब बोल्ट, २० मिमी जाडीचे, ८.८ ग्रेडचे. साधे बोल्ट वापरू नका, ते ताणाखाली लांबतात किंवा तुटतात. बोल्टची लांबी मोजताना हबची लांबी, नट, जॅकची उंची आणि दोन्ही पाट्यांची जाडी अशी सगळी बेरीज करा. बोल्ट पात्यांच्या मधून जातील अशा जागी भोकं पाडून घ्या: तीन पात्यांच्या पंख्याला तीन बोल्ट, चार पात्यांच्या पंख्याला चार.

हब आणि बुश यांच्यातली फट २५ मिमीपेक्षा कमी असेल तर पुढची पाटी पातळ पण जास्त रुंद आणि चांगल्या पोलादाची घ्या. काही पंख्यांच्या हबला मागच्या तोंडावर आट्यांची भोकं असतात. ती असतील तर पुढची पाटी लागतच नाही, बोल्ट थेट हबमध्ये बसतात. भोकांत क्षार भरलेला असतो, त्यामुळे ती नजरेला पडत नाहीत. वायर ब्रशने तोंड साफ करून नीट पाहा.

४. खुणा आणि कागद

पंख्यावर ठोकलेले आकडे टिपून घ्या: व्यास, पिच (पात्यांचा पीळ सांगणारा आकडा) आणि उजवा की डावा. शाफ्ट, हब आणि दोन्ही कपलिंगवर पंचने जुळत्या खुणा करा, नाहीतर परत बसवताना बोल्टची भोकं जुळतील, पण जुनी बैठक जुळणार नाही. पट्टीने हब आणि बुशमधली फट मोजून लिहा. शाफ्टच्या मागच्या टोकाला पहार लावून हळूच वर-खाली करून पाहा आणि बुशमध्ये किती खेळ आहे ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. शाफ्ट बाहेर आल्यावर हे माप घेता येत नाही आणि टर्नर पहिला प्रश्न हाच विचारतो.

पंखा खडकाला किंवा ओंडक्याला लागून खराब झाला असेल आणि विम्याचा दावा करायचा असेल तर काहीही सोडण्याआधी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहण्याआधी सामान सुटलं तर दावा अडकतो. पॉलिसी, नोंदणीचं पुस्तक, मासेमारी परवाना आणि सर्व बाजूंनी काढलेले फोटो एकत्र ठेवा.

बॅटरीची तार काढा आणि इंजिन कोणी चालू करणार नाही याची खात्री करा.

५. नट

आधी सगळी कालवं, शिंपले आणि गुंडाळलेली दोरी काढा. नायलॉनची दोरी किंवा जाळ्याचा तुकडा पंखा आणि बुश यांच्यात वितळून बसलेला असतो आणि बाहेरून तो काळ्या रबरासारखा दिसतो. तो खरवडून काढला नाही तर पुलरची पाटी सरळ बसत नाही.

कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून आडवी घातलेली पिन) सरळ करून ओढा. तुटली तर ड्रिल करून काढा, अर्धी पिन आत ठेवून नट फिरवलात तर आटे खरवडतात.

आता आट्यांची दिशा पाहा. बहुतेक लहान बोटींना उजवे आटे असतात, पण सगळ्याच बोटींना नाही. नटाच्या मागे दिसणाऱ्या दोन-तीन आट्यांचा उतार पाहिल्याशिवाय पाना लावू नका. उलट्या दिशेने घट्ट करत बसणं ही इथली नेहमीची चूक आहे.

पंखा फिरू नये म्हणून पात्याच्या बुंध्याशी जाड लाकडी फळी लावा आणि तिचं दुसरं टोक जमिनीत किंवा पठाणाला (बोटीच्या तळाच्या कण्याला) टेकवा. फळी पात्याच्या टोकाला लावू नका, टोक वाकतं. गियर टाकून शाफ्ट अडवण्याचा प्रयत्नही करू नका, तो सगळा जोर गियरबॉक्सच्या दात्यांवर जातो.

नट हलत नसेल तर तेल सोडून एक रात्र जाऊ द्या. तरीही नाही हलला तर फक्त नट तापवा. शेवटचा उपाय म्हणजे नटाच्या एका सपाट बाजूत शाफ्टला समांतर भोकं पाडून छिन्नीने तो फोडणे. भोकं आट्यांपर्यंत पोहोचण्याआधी थांबा.

आणि आता सगळ्यात मोठी सूचना. नट सुटला म्हणून पूर्ण काढू नका. दोन-तीन फेऱ्या मागे घ्या, हब आणि नट यांच्यात ५ मिमीच्या आसपास फट ठेवा आणि तसाच राहू द्या. दडपलेला टेपर सुटतो तेव्हा हळू सुटत नाही. ‘फट्’ असा मोठा आवाज होऊन पंखा झटक्यात मागे येतो. नट असेल तर तो ५ मिमीवर अडतो. नट नसेल तर समोरच्या माणसाच्या पायावर किंवा छातीवर येतो.

६. ताण, घाव, आच

ताण. पुढची पाटी हबच्या पुढे सरकवा, मागची पाटी लावा, मध्ये जॅक. नट मागे घेतल्यावर शाफ्टचं टोक नटाच्या आत जाऊ शकतं, म्हणून नटाच्या भोकातून जाईल असा पितळेचा गोल तुकडा मध्ये ठेवा, जॅकचा दाब शाफ्टच्या टोकावर पडला पाहिजे, नटावर नाही. बाटली जॅक आडवा चालतो, पण त्याचा पंप खालच्या बाजूला यायला हवा. नाहीतर तो तेल ओढत नाही आणि जॅक बिघडला असं वाटतं.

या पद्धतीत सगळा जोर हब आणि शाफ्ट यांच्यातच फिरतो. घणाने शाफ्टच्या टोकावर मारता तेव्हा तोच जोर शाफ्टमधून थेट गियरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. पुलरवर खर्च करायचं कारण एवढंच.

सगळे बोल्ट सारखे ताणलेले असू द्या. पाट्या तिरक्या दिसल्या तर दाब सोडून पुन्हा लावा. जॅकचा दांडा हाताने जड जाऊ लागेपर्यंत दाब द्या आणि थांबा. दांड्याला पाईप लावून आणखी दाब देऊ नका.

घाव. एकाने चार-पाच किलोचा घण हबच्या एका बाजूला घट्ट टेकवून धरायचा. दुसऱ्याने बरोबर समोरच्या बाजूला, पितळी ठोकळ्यावर, दोन-अडीच किलोच्या हातोड्याने जोरकस घाव घालायचा. तीन-चार घाव, मग पंखा पाव फेरा फिरवून पुन्हा. हबचा जाड भाग निवडा, चावीच्या खोबणीच्या वरचा भाग टाळा, तिथे धातू पातळ असतो. पात्यावर कधीही मारू नका. घावांच्या मध्ये जॅकचा दांडा पुन्हा तपासा: तो सैल झाला असेल तर काहीतरी हललं आहे.

पाचर मारून पंखा ढकलायची पद्धत सगळीकडे दिसते: हब आणि बुश यांच्यात दोन पाचरी समोरासमोर. त्यात सगळा जोर बुशच्या घरावर जातो. लाकडी बोटीत मागचं लाकूड चिरतं, फायबरच्या बोटीत स्टर्न ट्यूबची बैठक सुटते आणि मग जुलैभर पाण्याची गळती शोधत बसावं लागतं. पाचर टाळा.

आच. ताण आणि घाव यांनी काम झालं नाही तर ताण तसाच ठेवून हब तापवा. कांस्य तापल्यावर पोलादापेक्षा जास्त पसरतं. ५० मिमी भोकाचं हब १०० अंशांनी तापवलं आणि शाफ्ट गार राहिला तर भोक सुमारे ०.१ मिमी मोठं होतं. ऐकायला हे अगदी थोडं वाटतं, पण टेपर १:१२ असेल तर तेवढ्याने हबला एक मिलिमीटरहून जास्त सैलपणा मिळतो, आणि सुटायला तेवढं पुष्कळ झालं.

शाफ्ट मात्र गारच राहायला हवा. हबच्या पुढे आणि मागे दिसणाऱ्या शाफ्टवर ओलं गोणपाट गुंडाळा. बुश रबरी असेल तर त्यावर दुहेरी गोणपाट आणि सतत पाणी. जॅकवरही ओलं गोणपाट टाका, त्याची सीलं उष्णतेने जातात.

आग लावण्याआधी हे नक्की करा:

हबच्या मागे टोपी असेल तर ती काढा आणि आतलं ग्रीस पुसून घ्या. काही हबच्या आत पोकळी असते आणि तिला बाहेरून प्लग असतो. तो उघडा. बंद पोकळीतलं पाणी किंवा ग्रीस तापलं की वाफ होऊन हब फुटू शकतो. यात माणसं दगावू शकतात.

टाकलेलं तेल पुसून काढा आणि बोटीखालची डिझेलने भिजलेली वाळू उपसून टाका. सिलिंडर उभा आणि निदान तीन मीटर दूर. वर ताडपत्री बांधा: तापलेल्या हबवर पावसाची सर पडली तर एक बाजू अचानक आकसते आणि तडा जातो. पण ताडपत्री ज्योतीपासून लांब असू द्या.

ज्योत मोठी आणि मऊ, सतत फिरती. हबच्या जाड बाजूपासून सुरुवात करून चारी बाजूंनी सारखी आच द्या. कापायचा ऑक्सिजनचा टॉर्च वापरू नका: एका जागी जास्त तापलेलं पंख्याचं मँगनीज ब्राँझ आतून ताण धरतं आणि पुढच्या हंगामात त्याच जागी चीर दिसते. किती तापलं ते पाण्याच्या थेंबाने ओळखा. थेंब पडल्याबरोबर चुरचुरून उडाला की थांबा. धातूचा रंग बदलेपर्यंत तर कधीच जाऊ नका.

आता लगेच, गार होण्याआधी, पुन्हा घाव. बहुतेक अडकलेले पंखे या टप्प्यावर सुटतात.

नाही सुटला तर हब सावकाश गार होऊ द्या. हात लावता येईल इतका कोमट झाला की टेपरच्या दोन्ही तोंडांना आणि खोबणीत तेल सोडा, आकसताना ते आत ओढलं जातं. ताण तसाच ठेवून रात्र जाऊ द्या. पंखा कधीकधी रात्री आपोआप सुटतो, म्हणून मागे कोणी झोपणार नाही किंवा मुलं खेळणार नाहीत हे पाहा. सकाळी तेल पुसून सगळा क्रम पुन्हा. दोन-तीन वेळा असं केल्यावरही हलला नाही तर जोर वाढवू नका, पुढचा टप्पा पाहा.

७. तरीही निघाला नाही तर

शाफ्ट वाचवायचा असेल तर पंख्यासकट बाहेर काढा आणि वर्कशॉपच्या हायड्रॉलिक प्रेसवर न्या.

शाफ्ट बदलायचाच असेल तर हबच्या पुढे, बुशच्या फटीत, तो ग्राइंडरने कापा. पंखा आणि अडकलेला तुकडा एकत्र टर्नरकडे जातो, तो तुकडा प्रेसने किंवा ड्रिलने काढतो. फट अरुंद असेल तर शाफ्ट आत ग्लँड आणि कपलिंगच्या मध्ये कापा आणि मागे ओढा. चांगला पंखा महाग, शाफ्टचा दांडा त्यामानाने स्वस्त. उलटं करून पंखा कापू नका.

८. सुकाणू आणि कपलिंग

सुकाणूचं पातं शाफ्टच्या रेषेत येत असेल तर ते उतरवावं लागतं. वाळूवर असाल तर सुकाणूच्या खाली खड्डा खणा, दांडा खाली सरकून बाहेर येतो. सिमेंटच्या धक्क्यावर असाल तर बोट आधीच ठोकळ्यांवर तेवढी उंच घेतली पाहिजे. काही बोटींत सुकाणू पूर्ण एका बाजूला वळवलं की शाफ्ट जेमतेम शेजारून जातो, पण पंखा शाफ्टवर असेल तर ही सवलत नाही.

आत कपलिंगचे बोल्ट सोडा आणि शाफ्ट थोडा मागे सरकवून दोन्ही कपलिंगमध्ये फट करा. शाफ्टवरचं कपलिंग आता काढायचं आहे, आणि तेही तितकंच चिवट असतं. कपलिंगला छोटे अडकवणारे स्क्रू असतील तर ते शोधून पूर्ण काढा, रंगाखाली ते लपलेले असतात. मग शाफ्टच्या जाडीपेक्षा थोडा कमी जाडीचा लोखंडी गोल तुकडा शाफ्टच्या टोकासमोर, दोन्ही कपलिंगच्या मध्ये ठेवा. जुन्या भोकांत लांब, ८.८ ग्रेडचे बोल्ट घाला आणि एकेक बोल्ट अर्धा फेरा या हिशोबाने समोरासमोर आवळत जा. शाफ्ट कपलिंगमधून मागे ढकलला जातो. तो तुकडा अपुरा पडू लागला की दुसरा, अधिक लांब घाला. बोल्ट फार जड जाऊ लागले तर शाफ्टवरच्या कपलिंगला बाहेरून थोडी आच द्या. इथे बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या तळाशी) डिझेलची वाफ असते, म्हणून आधी बिल्ज धुऊन काढा, इंजिनघर उघडं ठेवा आणि बादली हाताशी ठेवा. जबरदस्तीने आवळलं तर गियरबॉक्सचं कपलिंग वाकतं, आणि ते वाकलं की पुढे सगळी कंपनं तिथूनच सुरू होतात.

९. शाफ्ट ओढणं

ओढण्याआधी पाच मिनिटं शाफ्टच्या पुढच्या टोकावर घालवा. चावी खोबणीतून काढा. खोबणीच्या कडा आणि स्क्रूचे डाग कानशीने सपाट करा. शाफ्टवरचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने उतरवा, झिंक (स्वतः झिजून शाफ्ट आणि पंखा राखणारा जस्ताचा तुकडा) बसवला असेल तर काढा. हे राहिलं तर शाफ्ट बुशमधून जाताना सगळं अंग खरवडत जातो, आणि विसरलेली चावी ग्लँडच्या तोंडाशी शाफ्ट असा अडवते की पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

ग्लँड ढिली करून इंजिनाच्या बाजूला सरकवा आणि आतली पॅकिंग दोरी आकड्याने ओढून काढा. सगळी वेटोळी निघाली का ते मोजा.

शाफ्टचं वजन लक्षात घ्या: ५० मिमी जाडीचा पोलादी शाफ्ट मीटरला सुमारे १५.५ किलो, ६३ मिमीचा सुमारे २४.५ किलो, ७५ मिमीचा जवळपास ३५ किलो. मागे लाकडी घोडे किंवा ठोकळे शाफ्टच्या उंचीला लावून ठेवा. चेन कप्पी जमिनीत रोवलेल्या खुंट्याला किंवा दुसऱ्या भक्कम आधाराला, पण शाफ्टच्या रेषेतच बांधा. ओढ तिरकी झाली तर शाफ्ट बुशमध्ये आवळतो.

हलका ताण देऊन शाफ्ट फिरवत राहा. ओढणं आणि फिरवणं एकत्र चाललं तर क्षार आणि गंज सुटत जातो. फिरवायला पाईप पाना लावायचा तर तो बुशमध्ये किंवा ग्लँडमध्ये येणार नाही अशाच भागावर. अडला की जोर वाढवायच्या आधी थोडा परत आत ढकला, तेल सोडा, पुन्हा ओढा. शाफ्ट वाकलेला असेल तर तो फेऱ्यातल्या एकाच जागी अडतो. अशा वेळी ती जागा खुणेने लक्षात ठेवा आणि टर्नरला दाखवा.

पुढून ठोकायची वेळ आलीच तर टोकावर पितळी ठोकळा ठेवून. उघड्या टोकावर घाव पडला तर ते फुलतं आणि मग ट्यूबमधून जाणारच नाही.

शाफ्ट बाहेर आला की त्याच क्षणी स्टर्न ट्यूबला बाहेरून निमुळता लाकडी बूच ठोका, कापड गुंडाळून. बोट वर असली तरी पावसाळ्यात उधाणाची भरती आणि वाऱ्याची लाट मिळून पाणी कुठवर येईल त्याचा नेम नसतो.

१०. बाहेर आल्यावर काय पाहायचं

टेपरच्या मोठ्या तोंडाशी आणि खोबणीच्या कोपऱ्यात शाफ्ट सर्वांत आधी चिरतो. डोळ्यांना न दिसणारी चीर वर्कशॉपमध्ये लाल रंगाच्या डाय पेनेट्रंटने दिसते. खर्च थोडा आहे, करून घ्या. ग्लँड आणि बुशखाली शाफ्टला नख अडेल इतकी खाच असेल तर नवी पॅकिंग घालून गळती थांबणार नाही. पंख्याची पाती हातोड्याने हलकेच वाजवा: भद्द आवाज आला तर चीर शोधा. पितळ गुलाबी-तांबूस, मऊ दिसत असेल तर जस्त निघून गेलं आहे आणि असा पंखा पुन्हा लावण्यात अर्थ नाही.

११. परत बसवताना

पुढच्या वर्षी पंखा सहज निघावा याची तयारी आत्ताच होते. आधी चावीशिवाय पंखा टेपरवर हाताने दाबून बसवा आणि हब कुठवर येतो तिथे शाफ्टवर पेन्सिलने रेघ मारा. मग चावीसकट बसवा. हब त्याच रेघेपर्यंत आला पाहिजे. मागेच थांबला तर चावी उंच आहे आणि हब टेपरवर नाही, चावीवर बसतो आहे. चावी वरून कानशीने उतरवा.

टेपरला निळा रंग लावून बैठक तपासा, रंग सगळीकडे, निदान दोन-तृतीयांश भागावर उमटला पाहिजे. टेपरवर ग्रीसचा थर नको, तेलाचं पुसट बोट पुरे. हबच्या पुढच्या तोंडाला आणि खोबणीला सील करा, पाणी शिरायची वाट तीच. नवी कॉटर पिन, नवा झिंक. झिंकवर रंग लावू नका, रंगवलेला झिंक काहीच राखत नाही.

कपलिंगचे बोल्ट बोट पाण्यात गेल्यावरच शेवटचे आवळा. बोट तरंगल्यावर तिचा आकार थोडा बदलतो, लाकडी बोटीचा तर जास्तच. एक-दोन दिवस पाण्यात राहू द्या, मग कपलिंगच्या चारी बाजूंना फीलर गेज लावा: १०० मिमी व्यासाच्या कपलिंगला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी फटीतला फरक ०.१ मिमीच्या आत हवा, १५० मिमीच्या कपलिंगला ०.१५ मिमीच्या आत. जास्त असेल तर इंजिनाच्या पायांखाली पत्रे घालून जुळवा.

ग्लँड सुरुवातीला हलकीच आवळा. इंजिन चालू असताना मिनिटाला काही थेंब पाणी पडलं पाहिजे, पॅकिंग त्यावरच थंड राहते. अर्ध्या तासाने ग्लँडला हात लावून पाहा. चटका बसला तर पाव फेरा ढिली करा.